कॉन्स्टॅन्शियाचा द्राक्षमळा आणि आमचा वाडा

मुलाचें केपटाउनहून बोलावणें आलें, तेव्हां आमच्या मेहकरच्या वाड्यांत चार दिवस दुसरा विषय नव्हता. आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाचें तें शहर, तेथला मेजासारखा सपाट माथ्याचा डोंगर, तेथला तो प्रसिद्ध वारा, यांविषयीं घरांतल्या मुलांनीं इतकी माहिती जमविली, कीं आम्ही न जातांच जाऊन आल्यासारखें झालें. सासूबाई तेवढ्या गप्प होत्या. त्यांचें वय सत्त्याऐंशीं. पण ऐकूं अगदीं स्वच्छ येतें. फोनवर बोलतां बोलतां मुलगा म्हणाला, "आई, तुला जुन्या इतिहासाची हौस. येथें १६८५ सालचा एक द्राक्षमळा आहे, तो तुला दाखवीन. तेथली द्राक्षाची मदिरा नेपोलियन पीत असे." जपमाळ ओढीत बसलेल्या सासूबाईंचा हात थांबला.

"म्हणजे दारूची भट्टीच ना ती? सात समुद्र ओलांडून जायचें, तें हें पाहायला?"

"आजी," तिकडून हंसत उत्तर आलें, "तुझ्या उशाशीं द्राक्षासवाची बाटली आहे, तिच्यावर काय लिहिलें आहे तें एकदां वाच बरें."

"तें औषध आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि औषध चमच्यानें घेतात."

या उत्तरापुढें कोणाचेंच कांहीं चाललें नाहीं. निघतांना मीं वांकून नमस्कार केला, तेव्हां त्या एवढेंच बोलल्या, "जा, पाहून ये. पण जें पाहशील तें आल्यावर मला नीट सांग." तें सांगण्याचा प्रसंग कसा आला, हें पुढें येईलच.

आम्ही उभयतां केपटाउनला पोंचलों, तो फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. आपल्याकडे थंडी सरत असतां तेथें ऐन उन्हाळा, आणि द्राक्षांची खुडणी चाललेली. भर दुपारीं तेथें सूर्य उत्तरेकडे दिसतो, ही गोष्ट मीं वर्गांत मुलांना किती तरी वेळां शिकविली असेल. पण स्वतःची सांवली दक्षिणेकडे पडलेली पाहून क्षणभर दिशाभूल झाल्यासारखें वाटलें.

शहरांतून निघून डोंगराला पूर्वेकडून वळसा घालीत मोटारीनें अर्धा तास दक्षिणेकडे गेलें, कीं कॉन्स्टॅन्शियाचें खोरें लागतें. ग्रूट कॉन्स्टॅन्शिया, म्हणजे थोरलें कॉन्स्टॅन्शिया, हा त्यांतला मूळचा मळा. वाटेच्या दोहों बाजूंस ओक वृक्षांची रांग. तिच्या शेवटीं चुन्यानें पांढरें शुभ्र केलेलें, गवतानें शाकारलेलें ऐसपैस घर. त्याच्या दर्शनी भिंतीला देवळाच्या शिखराची आठवण व्हावी असा वेलबुट्टीदार माथा. मागें निळसर डोंगर, आणि उतारावर ओळीनें लावलेल्या वेली. नाशिककडे द्राक्षाच्या मांडवाखालून आपण वांकून चालतों. येथें मांडव नाहीं. तारेच्या आधारानें वेली कुंपणासारख्या उभ्या केलेल्या असतात, आणि दोन ओळींमधून सरळ चालत जातां येतें. सूनबाई म्हणाली, "चित्रांतल्यासारखें आहे, नाहीं का हो आई?" खरोखरच तसें होतें. इतकें नीटनेटकें व शांत स्थळ मीं क्वचितच पाहिलें असेल.

या मळ्याची हकीगत अशी. डच ईस्ट इंडिया कंपनीनें १६५२ सालीं केपच्या भूशिराशीं ठाणें बसविलें. हिंदुस्थान, सिलोन व जावा यांकडे जाणाऱ्या गलबतांना वाटेंत गोडें पाणी, भाजीपाला व मांस मिळावें, एवढाच मूळ हेतु होता. ठाण्याचा पहिला अधिकारी यान फान रीबेक यानें युरोपांतून द्राक्षाच्या वेली मागविल्या, आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजीं केपच्या द्राक्षांची पहिली मदिरा गाळली गेल्याची नोंद आपल्या रोजनिशींत केली. पुढें १६७९ सालीं सायमन फान डेर स्टेल हा अधिकारी येथें आला. त्याला शेतीचा व झाडांचा मोठा नाद. १६८५ सालीं या खोऱ्यांत त्याला ८९१ मॉर्गन, म्हणजे सुमारें १,९०० एकर, जमीन मिळाली, आणि त्यानें हा मळा वसविला.

जमीन देणारा होता कंपनीचा कमिशनर हेन्ड्रिक फान रेडे. हें नांव वाचून मी थबकलें. हा गृहस्थ त्यापूर्वीं मलबारांत कंपनीचा मुख्य अधिकारी होता. तेथील वनस्पतींवर त्यानें 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला; तो आम्स्टरडॅम येथें १६७८ ते १६९३ या काळांत प्रसिद्ध झाला. त्या कामीं त्याला साह्य करणाऱ्यांत इट्टी अच्युतन् हे मलबारी वैद्य होते, त्याचप्रमाणें रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यही होते. त्यांनीं दिलेलें प्रमाणपत्र नागरी अक्षरांत त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडांत छापलेलें आहे. हाच फान रेडे १६९१ सालीं मुंबईजवळ समुद्रांत जहाजावरच वारला, आणि त्याची कबर सुरतेस आहे. यजमान म्हणाले, "आपण घरापासून फार लांब आलों असें मला वाटत होतें. तितकेंसें लांब नाहीं हें."

परंतु खरें आश्चर्य पुढेंच होतें. सायमन फान डेर स्टेल याचा जन्म १६३९ सालीं मॉरिशसच्या वाटेवर, समुद्रांत जहाजावर झाला. बाप डच. आई मारिया लीव्हेन्स ही डच बापाची, पण तिची आई हिंदी होती. आणि तीही दासी, मागाहून मुक्त झालेली. कागदोपत्रीं तिला 'गोव्याच्या किनाऱ्याची मोनिका' असें म्हटलें आहे. ज्याच्या नांवानें हें सारें खोरें ओळखलें जातें, त्याची आजी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून विकली गेलेली एक बाई होती! मोनिका हें अर्थातच तिला मागाहून मिळालेलें किरिस्तांव नांव. तिच्या आईबापांनीं तिला काय हांक मारली असेल, तें कोणत्याच कागदांत नाहीं.

त्यांतही दैवाचा विनोद पाहा. ज्या फान रेडेनें १६८५ सालीं दासीच्या या नातवाला जमीन दिली, त्यानेंच त्याच वर्षीं केपमध्यें गुलामांविषयींचे नियम घालून दिले. आणि युरोपियन पुरुषानें गुलाम-कुळांतल्या स्त्रीशीं विवाह करूं नये, असें त्यांत बजावलें. बाप युरोपियन असेल तर मात्र सूट होती.

फान डेर स्टेल १७१२ सालीं वारला, आणि मळ्याचे तीन तुकडे झाले. १७७८ सालीं हेन्ड्रिक क्लूटे यानें थोरला भाग विकत घेतला, तेव्हांपासून कॉन्स्टॅन्शियाच्या गोड मदिरेचा खरा डंका वाजूं लागला. ती करण्याची रीत अशी : मस्कत जातीचीं सुवासिक द्राक्षें पिकलीं तरी खुडावयाचीं नाहींत, वेलीवरच उन्हांत अर्धवट मनुका होईपर्यंत ठेवावयाचीं. पाणी आटतें, साखर घट्ट होते, आणि मग थोडाच, पण मधासारखा रस निघतो. पीक निम्म्यावर येतें, मोल मात्र कित्येक पटींनीं वाढतें. सेंट हेलेनाच्या बंदिवासांत नेपोलियनसाठीं ही मदिरा जात असे. जेन ऑस्टिन या आंग्ल कादंबरीकर्त्रीच्या १८११ सालच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या कादंबरींत तर प्रेमभंग झालेल्या मुलीला ती औषध म्हणून देऊं करतात. (हें वाचून मला सासूबाईंच्या चमच्याची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.) १७९१ सालीं क्लूटे यानें बांधलेलें मदिरेचें कोठार आजही उभें आहे, आणि त्याच्या माथ्यावर अंटन आन्राइट या शिल्पकारानें कोरलेलीं गुटगुटीत बाळें अजून खेळत आहेत.

इथपर्यंत सर्व गोड. पण मूळ घराचें आतां संग्रहालय झालें आहे. तेथें जुनें डच सामान, चिनी व जपानी भांडीं यांबरोबरच, हा सारा थाट कोणाच्या कष्टांवर उभा राहिला तेंही सांगितलें आहे, हें संग्रहालयाच्या चालकांना भूषणावह आहे. १,९०० एकर रान तोडणें, वेली लावणें, छाटणें, एकेक घड खुडणें, पायांनीं तुडवून रस काढणें, ही कामें मालकांनीं केलीं नाहींत. तीं गुलामांनीं केलीं. सतराव्या शतकाच्या मध्यापासून १८०८ सालीं हा व्यापार बंद होईपर्यंत केपमध्यें सुमारें ६३,००० माणसें विकत आणलीं गेलीं. मादागास्कर, पूर्व आफ्रिका, जावाकडचीं बेटें, आणि हिंदुस्थान, हे त्यांचे देश. त्यांत हिंदुस्थानचा वांटा सुमारें चौथ्या हिश्शाचा. १८६० सालीं नाताळच्या उंसाच्या मळ्यांवर गेलेले आपले गिरमिटये आम्हांला गांधींच्या चरित्रामुळें ठाऊक आहेत. त्यांच्या आधीं दोनशें वर्षें गेलेल्या या लोकांचें नांवही मीं चौतीस वर्षें इतिहास शिकवूनसुद्धां घेतलें नव्हतें.

त्यांची नांवें तरी कशीं? 'फान बेंगालेन' म्हणजे बंगालचा, 'फान मलबार', 'फान कोरोमांडेल'. मूळ नांव पुसून टाकावयाचें, एक सोयीचें नांव ठेवावयाचें, आणि जेथून विकत घेतलें तें गांव वा किनारा त्याला जोडावयाचा. पुष्कळांना तर महिन्यांचीं नांवें दिलेलीं : जानेवारी, एप्रिल, सप्टेंबर, ऑक्टोबर. केपमध्यें आजही हीं आडनांवें आहेत. सूनबाईच्या कचेरींतील एका बाईंचें आडनांव सप्टेंबर असें आहे. तिला आजवर त्याची गंमत वाटे, त्या दिवशीं मोटारींत परत येतांना ती म्हणाली, "आतां उद्यां त्यांना हांक मारतांना मला कसेंसेंच होईल."

१ डिसेंबर १८३४ रोजीं ब्रिटिश सरकारनें तेथील गुलाम मुक्त केले, पण आणखी चार वर्षें 'उमेदवारी'च्या नांवाखालीं त्यांना जुन्याच धन्याकडे राबणें भाग होतें. साऱ्या साम्राज्यांतील मालकांना नुकसानभरपाई म्हणून २ कोट पौंड मंजूर झाले. ज्यांचें आयुष्य गेलें त्यांना कांहीं मिळालें नाहीं. मुक्त झाल्यावरही मळ्यांवरचें जिणें सुधारलें असें नव्हे. मजुरीचा कांहीं भाग पैशांऐवजीं हलक्या मदिरेच्या प्याल्यांनीं चुकविण्याची चाल तेथें पिढ्यान् पिढ्या होती. तिला 'डॉप' म्हणत. कायद्यानें बंदी झाल्यावरही ती अनेक मळ्यांवर चालूच राहिली. आईच्या पोटांत असतांनाच दारूनें बाधलेलीं मुलें जन्मास येण्याचें प्रमाण केपच्या मदिरेच्या मुलुखांत साऱ्या जगांत अतिशय मोठें आहे. तें या चालीचें फळ. पुढें वर्णभेदाच्या राज्यांत कॉन्स्टॅन्शियाचें खोरें गोऱ्यांसाठीं राखून ठेवण्यांत आलें, आणि पिढ्यान् पिढ्या तेथें भाजीपाला व फुलें पिकविणाऱ्या, त्याच गुलामांच्या वंशांतल्या, कुटुंबांना १९६० नंतरच्या वर्षांत आपलीं घरेंदारें सोडावीं लागलीं.

बाहेर आल्यावर चव घेण्याच्या दालनांत गेलों. निरनिराळ्या देशांचे लोक लहान लहान घोट घेऊन मान डोलावीत होते. आमच्यापैकीं कोणीं घेतली व कोणीं नाहीं, हें येथें सांगण्याचें कारण नाहीं. मीं पाणी मागून घेतलें, एवढें सांगतें. पण मनांत एक गोष्ट आली. दारू पीत नाहीं म्हणून आपण निर्मळ आहोंत, असें मानून जर मी तेथून निघालें असतें, तर तें मोठें सोपें झालें असतें. या मळ्याचा खरा दोष प्याल्यांत नव्हता. तो विकत घेतलेल्या माणसांत होता. आणि त्या पापाचें नातें केवळ दारूशींच असतें असेंही नाहीं.

यजमान आमच्या खामगांवच्या कापसाची गोष्ट बोलूं लागले. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, तेथला गुलामांनीं पिकविलेला कापूस विलायतेस मिळेनासा झाला, आणि इंग्रजी गिरण्यांची दृष्टि १८५३ पासून त्यांच्या ताब्यांत आलेल्या वऱ्हाडाकडे वळली. कापसाचा भाव कधीं नव्हे इतका चढला. १८७० सालीं जलंब ते खामगांव हा आगगाडीचा फांटा सुरू झाला, त्या समारंभास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. ते म्हणाले, "आपल्या पणजोबांचा वाड्याचा दुसरा मजला याच कापसाच्या पैशावर चढला, असें बाबा सांगत. कोठें कोणाच्या गळ्यांतली सांखळी खुळखुळते, आणि कोठें कोणाचें घर वाढतें!"

एप्रिलमध्यें परत आलों. दुसऱ्याच दिवशीं दुपारीं सासूबाईंनीं मला माजघरांत बोलावून समोर बसविलें. "हं, सांग." मीं ओक वृक्षांपासून सारें सांगितलें. रंगभट व विनायक पंडित यांची गोष्ट त्यांना फार आवडली. मग मीं गोव्याच्या किनाऱ्यावरच्या त्या बाईची हकीगत सांगितली.

"तिचें खरें नांव काय?"

"तें कोणालाच ठाऊक नाहीं."

त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आपल्या कुणबिणीच्या खोलीसारखें झालें."

आमच्या वाड्याच्या मागल्या अंगाला, गोठ्याच्या शेजारीं, एक अंधारी खोली आहे. तिला 'कुणबिणीची खोली' म्हणतात. आतां तींत जुने पाट, दिवाळीचे आकाशकंदील असलें सामान असतें. शेतावरच्या कुणबी बायका धान्य पाखडावयास तेथें बसत असतील, म्हणून तें नांव पडलें असेल, अशी माझी लग्न झाल्यापासूनची समजूत. सासूबाईंनीं मान हलविली. "मलाही तसेंच वाटे. पण माझ्या आजेसासूबाईंनीं एकदां सांगितलें. त्यांनीं त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेलें. फार पूर्वीं, इंग्रज वऱ्हाडांत येण्याच्याही आधीं, या घरांत एक कुणबीण होती. विकत घेतलेली. लहान पोर असतांना दुष्काळांत कोणी आणून विकली. दळण, शेण, पाणी, सारें तिच्याकडे. त्या खोलींतच राहिली नि तेथेंच मेली. नांव आजेसासूबाईंनाही ठाऊक नव्हतें."

मी इतिहासाची शिक्षिका. पेशवाईंत 'कुणबीण' हा शब्द विकत घेतलेल्या दासीला लावीत, मग ती कोणत्याही जातीची असो. अशा दासी सरकारवाड्यांत व खासगी घरांत राबत, त्यांची खरेदी-विक्री होई, आणि पेशवे दप्तराच्या कागदांत त्यांच्या नोंदी आहेत, हें मला पुस्तकांवरून माहीत होतें. कंपनी सरकारनें आपल्या मुलुखांत गुलामगिरीचा कायदेशीर आधार १८४३ च्या कायद्यानें काढून घेतला. वऱ्हाड तेव्हां निजामाकडे होतें, हेंही माहीत होतें. पण ती विद्या आणि माझ्या गोठ्याशेजारची खोली यांची गांठ मीं कधीं घातली नव्हती. त्यासाठीं मला आफ्रिकेच्या टोकापर्यंत जावें लागलें. तेथल्या लोकांनीं घरावर पाटी लावून सांगितलें. आम्ही तीत आकाशकंदील ठेवले.

भाद्रपद आला. आमच्याकडे मामंजींचा पक्ष सप्तमीला असतो. सर्व पितरांचे पिंड झाले, आणि गुरुजींनीं धर्मपिंडासाठीं भात हातांत घ्यावयास सांगितलें. दारांत खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "गुरुजी, हा पिंड कोणाचा तें जरा मराठींत सांगा. मुलांनाही ऐकूं द्या."

गुरुजींनीं सांगितलें, "ज्यांना देणारें कोणी उरलें नाहीं, ज्यांचें नांव-गोत्र ठाऊक नाहीं, जे या घरीं राबले, दास झाले, त्या सर्वांसाठीं हा."

"म्हणजे नांव नसलें तरी पोंचतो?"

"नांव नसलेल्यांसाठींच आहे हा, आजी."

सासूबाईंनीं मुलाकडे पाहिलें. "इतकीं वर्षें तूं हा पिंड ठेवीत आलास. यंदा मागची खोली आठवून ठेव."

यजमानांनीं तसें केलें. दुसऱ्या दिवशीं धाकट्या जाऊबाईंनीं व मीं ती खोली रिकामी केली, जमीन सारवली, आणि भिंतीच्या कोनाड्यांत तिन्हीसांजेला पणती ठेवूं लागलों. मुलीचें पोर मागें मागें फिरत होतें. त्यानें विचारलें, "आजी, येथें कोण देव आहे?"

मीं त्याला पाटावर बसविलें आणि जेवढें ठाऊक आहे तेवढें सांगितलें. सांगण्यासारखें फार थोडें होतें. त्यानें तिचें नांव विचारलें, तेव्हां मला तेंच उत्तर द्यावें लागलें, जें मीं एप्रिलमध्यें सासूबाईंना दिलें होतें.